आठ माणसांची बोट

नारळी पुनवेच्या दिवशी भर दुपारी, भरतीचं पाणी पार बोटीच्या बुडापर्यंत आलेलं असताना, सदानंद तांडेल एकटा उभा होता आणि अख्खी आळी वाळूत बसली होती.

बसण्यातही प्रकार असतात. दमून बसलेलं माणूस वेगळं दिसतं आणि ठरवून बसलेलं वेगळं. ही माणसं ठरवून बसली होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, शिव्या नाहीत, काही नाही. कुणी विडी पेटवली, कुणी पायाला चिकटलेली वाळू झाडत बसलं. सकाळपासून ह्याच माणसांनी आळीतल्या सगळ्या बोटी एकेक करून पाण्यात नेल्या होत्या. ओंडक्यांना मोरी माशाचं तेल चोपडायचं, दोन्ही अंगांना दोर बांधायचे, एकानं आवाज द्यायचा आणि सगळ्यांनी ओढायचं. डहाणूच्या खाडीवर ह्या ओढीला बोलावणं नसतं. कोणाचं कोणाशी वाकडं, कोण कोणाच्या दारात जात नाही, हे सगळं त्या दिवशी घरी ठेवून यायचं आणि दोराला हात घालायचा. मजुरी विचारण्याचा तर प्रश्नच नाही. पहिल्या फेरीची मासळी आली की ओढीला आलेल्यांच्या घरी थोडीथोडी जाते, तेवढंच.

आता शेवटची पाळी ‘रत्नाबाय’ची होती. सदानंदाच्या आईच्या नावाची बोट; मालकही तोच आणि तांडेल, म्हणजे सुकाणूवरचा म्होरक्याही तोच. गावठाणातल्या मिस्त्रीनं पावसाळाभर खपून तिच्यात इंजिन बसवलं होतं आणि निळा रंग असा काढला होता की लांबून बघूनही डोळे निवावेत. ती दिमाखात उभी होती आणि तिला हात लावायला माणूस नव्हतं.

“उठा की रे!” सदानंद म्हणाला. “पाणी काय तुमची वाट बघत थांबणार हाय?”

कोणी उठलं नाही. मग त्यानं पुढच्याच रांगेत मांडी घालून बसलेल्या आपल्या धाकट्या भावाकडे बघितलं. “काळू, काय नाटक लावलंय हे?”

काळू त्याच बोटीवरचा खलाशी. शिवाय गेल्या होळीला खलाशांचा संघ निघाला त्याचा चिटणीस. तेव्हा सदानंद सगळ्यांसमोर हसला होता. म्हणाला होता, संप कोणाविरुद्ध करणार, समुद्राविरुद्ध?

“दादा, काल जे सांगितलंस ते आज परत सांग,” काळू म्हणाला. “सगळ्यांना ऐकू दे.”

“एकदा बोललो ते बोललो.”

“मग मी सांगतो. रत्नाबायवर तांडेल सोडून आठ खलाशी. बाबांपासून आठ. आता इंजिन बसलं म्हणून नारू, झिपरू नि लहान्या घरी. त्यांचे मासळीचे तीन वाटे इंजिनाला. बरोबर?”

“बरोबर. इंजिन तीन माणसांचं काम करतं, तर तीन माणसांचे वाटे त्याचे. यात खोटं काय? का डिझेल तुझा सासरा देणार हाय?”

पाठीमागे बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. काळू हसला नाही.

“इंजिन बोट पळवतं. कबूल. पण डोल जाळं कोण ओढणार? भरल्या डोलीला पाच माणसं पुरतील? छाती फुटेल एकेकाची. आणि इंजिन लांब जाणार, जास्त मासळी आणणार, म्हणून तर घेतलंस ना? मग त्या जास्तीतनं त्यानं आपलं पोट भरावं. नारूच्या ताटातलं कशाला?”

सदानंद जास्तच भडकला. “बोट माझी हाय!”

“हाय ना,” काळू म्हणाला. “मग ने.”

हे ‘ने’ सदानंदाच्या वर्मी लागलं. धाकट्या भावाला त्यानं खांद्यावर बसवून हीच वाळू दाखवली होती. पोहायला त्यानंच शिकवलं होतं, बुडायला लागल्यावर केसांना धरून वर काढलं होतं. आणि आता तो चारचौघांत ‘ने’ म्हणतो. सदानंद बोटीला टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर पाणी चढलं, थांबलं आणि माघारी फिरलं. बाकीच्या बोटी खाडीच्या तोंडाशी निशाणं लावून डुलत होत्या. त्यांच्या मालकांनी सोनेरी कागदात गुंडाळलेले नारळ पाण्यात सोडले. सदानंदाचा नारळ त्याच्या हातातच राहिला.

अजून दोन दिवस पाणी इथवर चढणार होतं. त्यानंतर थेट अवसेलाच. आणि हंगामाच्या तोंडाशी एवढे दिवस बोट वाळूत राहिली, तर इंजिन घेतलं कशाला, असं कुत्रंसुद्धा विचारील.

*

घरी नारळीभाताचं पातेलं तसंच झाकलेलं होतं. सणाच्या दिवशी न जेवलेलं घर कसं दिसतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. पुतळी चुलीपाशी, तिची धाकटी जाऊ हंसा पाट्यापाशी, आणि दोघींच्या मधे शब्द नाही. पहाटेपासून दोघी हसतखिदळत नारळ खवत होत्या, पण दुपारनंतर एकीचा नवरा मालक झाला होता आणि दुसरीचा संप करणारा.

खरं सांगायचं तर पुतळीलाही इंजिन हवंच होतं. वाऱ्याविना वल्हवत आलेला नवरा रात्री कुशीवर वळताना कण्हतो, ते तिला ऐकू यायचं. इंजिन येणार म्हटल्यावर तिनंच आळीभर पेढे वाटले होते. पण नारू तिचा भाऊ. तिच्या लग्नात तो एवढासा होता, तिच्या पदराला धरून सासरपर्यंत चालत आला होता. पुढे आईबाप गेले तसा इथेच राहिला, ह्याच बोटीवर मोठा झाला. दुसऱ्या बोटीवर जागा कुठाय? साऱ्या बोटी भरलेल्या. दुपार कलल्यावर तो येऊन ओटीवर बसला आणि म्हणाला, “ताई, चिकूच्या वाडीत जातो आता. झाडाखालचं गवत खुरपायला ठेवतायत म्हणे.” एवढं बोलून हसला.

तिन्हीसांजेला सदानंद आत आला, पाटावर बसला. काळू दारातच उभा राहिला.

“वाढ,” सदानंद म्हणाला.

पुतळीनं वाढलं नाही. “माझ्याच भावाला काढायचं होतं?”

“अगं, म्हणूनच काढलं! परक्या दोघांना काढून मेव्हण्याला ठेवला असता तर आळीनं काय म्हटलं असतं? मी घरापासून सुरुवात केली. याहून इमानदारी काय दाखवायची माणसानं?”

“मग आपल्या अंगावर दाखवा. माझ्या माहेरावर कशाला दाखवता?”

हंसाचा पाट्यावरचा हात थांबला. तिला हसू आलं होतं आणि ते दाबताना ठसका लागला.

“दादा,” काळू दारातूनच म्हणाला, “मला काढ. माझा वाटा इंजिनाला दे आणि नारूला ठेव.”

“वेडाबिडा झालास का? तुला कसा काढू? तू माझा भाऊ.”

“आणि तो कोणाचा भाऊ?”

पुतळीनं दिराकडे बघितलं. आजवर तिनं ह्याला पोरासारखं वाढवलं होतं, रागेही भरली होती, पण असा तो तिला कधी दिसला नव्हता. आपल्या मनातलं ह्यानं आपल्या आधी ओळखलं, असं तिला वाटलं.

सदानंदानं पाट मागे सरकवला. त्याचा आवाज खाली आला होता. “तुम्हाला सगळ्यांना मी राक्षस दिसतो. बाबा कसे गेले ते विसरलात? वारा पडला, ओहोटी बाहेर ओढायला लागली, आणि हा माणूस रात्रभर वल्हं मारत राहिला. सकाळी बोट लागली तेव्हा वल्ह्यावरच मान टाकलेली. मी होतो त्या बोटीत. काळू, तू नव्हतास. इंजिन मी श्रीमंतीसाठी नाय आणलं. ह्या घरातलं माणूस परत वल्ह्यावर मरू नये म्हणून आणलं.”

“ते मला ठाऊक हाय,” काळू म्हणाला. “इंजिनाला माझं भांडण नाय, दादा. पण बाबांबरोबर त्या रात्री वल्हं मारायला आणखी कोण होतं? झिपरू होता ना? तोच वाचवून तुला घेऊन आला. त्याला वल्ह्यापासनं सोडवलंस तर चांगलंच. पण पोटापासनं पण सोडवलंस.”

आता खरं तर इथंच सगळं मिटायला हवं होतं. दोघा भावांनी गळ्यात गळे घालायचे, बायकांनी डोळे पुसायचे आणि नारळीभात वाढायचा. पण सदानंद तांडेलाचं डोकं म्हणजे भिजलेलं लाकूड, पेटायलाही वेळ आणि विझायलाही वेळ. तो उठला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “कैनाडला निरोप धाडलाय मी. उद्याच्या पाण्याला मजूर येतायत. लावणी झाली, कापणी लांब. बसूनच हायेत बिचारे. दुप्पट रोज देतो म्हटलंय. ओढतील.”

पुतळीच्या हातातली पळी चुलीत पडता पडता राहिली. “मोलानं ओढणार? रत्नाबायला? तुमच्या आईच्या नावाची बोट, आणि तिला भाडोत्री हात लावणार?”

“मग तुझ्या दिराला सांग हात लावायला.”

“नाय लावणार,” काळू म्हणाला आणि न जेवताच बाहेर पडला.

पुतळीनं पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं आणि हंसाजवळ जाऊन खाली बसली.

“उद्या मी कुठे बसू गं?” तिनं शेवटी विचारलं.

हंसा पाटा धुवत होती. वर न बघता म्हणाली, “माझ्या शेजारी जागा असते, अक्का. कायमच.”

*

दुसऱ्या दिवशी कैनाडची माणसं चालत आली. बाप्ये पुढे, बाया मागे, डोक्यावर इरली, पायांना चिखल. पुढे हाल्या होता, उंच, काटकुळा, कपाळाला आठ्या. त्याच्या मागे त्याची बायको भिकी. हंसा दोघांनाही ओळखत होती. सुके बोंबील घेऊन ती आणि पुतळी कैनाडला, सायवनला जायच्या तेव्हा भिकीच्या अंगणात टोपली उतरायची आणि मग गप्पा. भिकीला कोणती सून कोणाशी भांडली ते सारं पाठ असायचं.

पण आज हंसाला तिच्याकडे बघवेना. ह्या माणसांना रोजाची गरज होती हे तिला दिसत होतं. पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. अशा माणसाला ‘दोर धरू नको’ म्हणायचं कोणत्या तोंडानं? कालपासून तिनं काळूला दहादा विचारलं होतं, ‘ते ओढायला लागले तर आपण काय करायचं?’ आणि काळू दरवेळी म्हणायचा, ‘काय करणार? बघायचं.’ रत्नाबाय आज मोलानं पाण्यात गेली, तर नारू-झिपरूची जागा कायमची गेली आणि खलाशी संघही तिच्याबरोबर बुडाला. मग आळीतले बाकीचे मालक उद्याच इंजिनं आणणार होते. ते सगळे आज तमाशा बघायला येऊन उभेच होते.

“या, या!” सदानंद पुढे झाला. त्याचा आवाज फारच मोठा होता. “हे दोर. दोन्ही अंगांना वाटून घ्या. मी आवाज दिला की ओढायचं.”

माणसांनी दोर उचलला. हाल्यानं दोराचा शेंडा मनगटाला गुंडाळला आणि आजूबाजूला बघितलं. अख्खी आळी पुन्हा कालच्याच जागी बसली होती.

“शेठ,” तो म्हणाला, “ही येवढी माणसं बसलीत, ती कोन?”

“बसू दे. रिकामटेकडी हायेत.”

“रिकामी हायेत तर ओढत का नाय? बोट तर यांचीच दिसते.”

सदानंदानं मिशी चावली. “तुला रोजाशी मतलब हाय ना? ओढ.”

हंसा उठणार होती. पण तिच्या शेजारून पुतळी आधीच उठली. डोईवरचा पदर कमरेला खोचून ती वाळूतून चालत गेली आणि नवरा आणि हाल्या यांच्या मधे उभी राहिली.

“हाल्या, मी सांगते,” ती म्हणाली. “ही माणसं ह्याच बोटीची हायेत. बोटीत इंजिन आलं म्हणून त्यातली तिघं काढली. तो माझा भाऊ, तो झिपरू, तो लहान्या. तिघांना परत घ्या म्हणून हे सगळे बसलेत. आता तुला धरायचा तर धर दोर. मी काय बोलणार नाय. तुझ्या घरची चूल मी बघितलेली हाय.”

“पुतळी!” सदानंद ओरडला.

“ओरडू नका. खोटं बोलले असेन तर सांगा.”

सदानंद पाण्याकडे बघायला लागला.

हाल्या मागे वळून आपल्या माणसांशी आपल्या बोलीत काहीतरी बोलला. बोलणं लांबलं. भिकी सगळ्यांच्या वर आवाज चढवून हातवारे करत होती, आणि हंसाला तिचं अर्धंच कळत होतं, पण ती बोटीवरून काढलेल्या तिघांकडे बोट दाखवत होती हे दिसत होतं.

“तीन रुपये!” सदानंद मधेच म्हणाला. “माणशी तीन रुपये देतो. आत्ता, ओढून झाल्या झाल्या.”

बोलणं थांबलं. तीन रुपये म्हणजे थोडे नव्हते. एका म्हाताऱ्यानं दोरावरची पकड घट्ट केली. हंसानं डोळे मिटून घेतले.

“शेठ,” हाल्या म्हणाला, “गवताचा संप झाला तवा आमी विळे खाली ठेवले होते. जमीनदारानं लांबून माणसं आणली कापायला. ती बी उपाशीच होती. माझा बा त्यांच्या पाया पडला. म्हणला, बाबांनो, तुमी कापलं तर आमचा भाव मेला. ती माणसं रातीच माघारी गेली, खाली हातानं. म्हणून आमाला भाव भेटला.” त्यानं मनगटाला गुंडाळलेला दोर सोडवला. “आता माझ्यावर पाळी आली. मी कसा ओढू?”

“अरे, पण ती तुझी माणसं. ही कोण लागतात तुझी?”

ह्याला भिकीनं उत्तर दिलं. “तुमचा नारू वाडीत कामाला लागला ना, शेठ, तर आमालाच भारी. तो म्हणेल, मला आठ आणे कमी दे पण काम दे. त्याच्यामागं झिपरू, त्याच्यामागं दुसऱ्या बोटीची माणसं. मंग वाडीवाला आमाला म्हणेल, जा, मला लई माणसं भेटतात. त्यापरीस नारूला तुमच्याच बोटीवर राहू दे. दर्यात जाऊ दे, आमच्या वाडीत नको!”

आळीत एकच हशा झाला. नारूसुद्धा हसला. आणि त्या हशातच कैनाडच्या माणसांनी दोर वाळूत ठेवला, ठेवला म्हणजे फेकला नाही, नीट वेटोळं करून ठेवला, आणि ती खलाशांच्या रांगेला लागून खाली बसली. भिकी येऊन थेट हंसाच्या मांडीला मांडी लावून बसली. हंसानं तिचा हात घट्ट धरला. तिला रडावं की नाचावं ते कळेना.

“जेवूनच जायचं,” ती कशीबशी म्हणाली. “सगळ्यांनी. आमच्याकडे कालचा सण तसाच पडलाय.”

*

सदानंदाला हे सगळं कुठूनतरी लांबून दिसत होतं. पाणी बोटीच्या बुडाशी येऊन चाटत होतं. काल बसली होती त्याच्या दीडपट माणसं आज बसली होती. ह्याला काय म्हणायचं? पैसे देऊ करून त्यानं संपाला माणसं पुरवली होती!

तो बोटीच्या मागच्या अंगाला गेला, फळीला खांदा लावला आणि जोर केला. बोट हलली नाही. त्यानं पाय वाळूत रोवून पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या, तोंडातून ‘हं’ असा आवाज निघाला. कोणी हसलं नाही. पन्नाशी ओलांडलेला तांडेल आपल्या आईच्या नावाची बोट एकटा ढकलतोय, हे बघून कोणाला हसू येणार?

काळूला ते सोसवेना. त्याच्या पायांनी दोनदा उठायचं ठरवलं आणि दोनदा त्यानं त्यांना खाली दाबून धरलं. आत्ता उठलो तर भावाला मदत होईल, पण नारूला नाही. आयुष्यात इतकं अवघड बसणं तो कधी बसला नव्हता.

शेवटी सदानंदच थांबला. बोटीला पाठ लावून धापा टाकत उभा राहिला. “काळू,” तो म्हणाला, “तुझ्या संघाला काय हवंय ते बोल.”

काळू आता उठला. “आठ माणसं, आठ वाटे.”

“आणि डिझेल? ते काय आकाशातनं पडणार?”

“डिझेल सगळ्यांचं. आलेल्या मासळीतनं आधी डिझेल काढायचं, मग वाटे. आम्ही फुकट नाय पळणार तुझ्या इंजिनावर. इंजिनाला एक वाटा वर.”

सदानंदानं डोळे बारीक केले. डिझेल आधी काढायचं हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. इंजिनाचा सगळा खर्च आपल्या एकट्याच्याच डोक्यावर, असंच तो धरून चालला होता.

“दोन वाटे,” तो म्हणाला.

“एक.”

“दोन. मिस्त्री लागतो त्याला.”

“मिस्त्री लागला तर तो पण सामाईकातनं. वाटा एक. दादा, पाणी फिरायला आलं.”

“माहीत हाय मला पाणी कधी फिरतं! तुझ्या जन्माआधीपासनं बघतोय.” त्यानं पाण्याकडे बघितलं. मग वाळूत बसलेल्या बायकोकडे. पुतळी त्याच्याकडे अजिबात न लाजता, डोळ्याला डोळा लावून बघत होती, आणि त्या नजरेत राग उरला नव्हता, नुसती वाट बघणं होतं. त्याला एकदम हलकं वाटलं. का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“एक,” तो म्हणाला.

“मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू गेलं नाय.”

“एक! आठ माणसं, आठ वाटे, इंजिनाला एक! झालं समाधान? नारू, झिपरू, लहान्या, आता उठता का पालखी धाडू?”

जो कल्ला उठला म्हणता! माणसं धावली, बाया धावल्या, पोरं धावली. काळू भावासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं वाकून पाय धरले. सदानंदानं त्याला मानगुटीला धरून उठवलं आणि दोराकडे ढकललं. “आधी ओढ. मग पाया पड.”

हाल्यानं दोर पुन्हा मनगटाला गुंडाळला. ते बघून सदानंद खिशात हात घालत जवळ आला. “ठरल्याप्रमाणे रोज देतो. तुझी माणसं लांबनं आलीत.”

“आता नाय घेणार, शेठ. मघाशी मोलानं आलो होतो. आता तुमच्या माणसांबरोबर ओढतो.”

“तसं असेल तर पहिल्या फेरीची मासळी कैनाडला,” पुतळी मागून म्हणाली. “मी स्वतः घेऊन येते, टोपल्या भरून. आणि चार दिवस लागले तरी आणते.”

भिकी लगेच म्हणाली, “बोंबील नको बाय, चांगली घोळ मासळी आण!” आणि पुन्हा हशा झाला.

दोन्ही दोर भरले. त्यांच्यावर आळीतले मांगेले आणि कैनाडचे वारली एकमेकांत असे मिसळले, की कोण कोणाच्या पुढे ते सांगता येऊ नये. आवाज द्यायचा मान काळूला मिळाला. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फुटेचना. सदानंदानं त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि आपणच छाती भरून आवाज दिला. सगळ्या किनाऱ्यानं त्याला उत्तर दिलं.

रत्नाबाय जागची हलली. एकदा हलली आणि मग थांबलीच नाही. ओंडक्यांवरून गडगडत, इंजिनाचं ओझं पोटात घेऊन, ती सरळ पाण्यात शिरली आणि माणसं छातीभर पाण्यात जाईपर्यंत तिला सोडायला तयार नव्हती. खलाशी वर चढले. नारूनं चढण्याआधी मेव्हण्याकडे रागानं बघून घेतलं, तेवढं त्याला करायचंच होतं. मग वर चढून हात पुढे केला आणि त्याला वर ओढून घेतलं. झिपरू सवयीनं वल्ह्याच्या जागेवर जाऊन बसला, वल्हं उचललं आणि आता ह्याचं काय करायचं ते न कळून इकडेतिकडे बघायला लागला.

“ठेव रे ते!” सदानंद सुकाणू धरत ओरडला. “आता डोल ओढायच्या वेळेला बघतो तुझी ताकद!”

इंजिन खोकलं, धूर सोडला, आणि धडधड सुरू झालं. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात भिकीचा हात धरून उभ्या असलेल्या हंसानं मूठ वर केली. थोरल्या दिरासमोर एरवी तिचा आवाज निघत नसे.

“खलाशी संघाचा—”

“विजय असो!” किनारा गरजला. बोटीतून आठ जणांनी तेच उत्तर दिलं. आणि त्यांच्या मधे उभा असलेला, सगळं हरलेला सदानंद तांडेल तोंड फाटेस्तोवर हसत होता.

“ओरडू नको गं!” त्यानं पाण्यावरून हाक दिली. “मासे पळतील!”

हंसा त्याहून मोठ्यानं ओरडली.